बिबड्यांचा घाटा आणि माझे दोन अर्ज

माझ्या हातून चूक होत नाही सहसा. पण एक झाली, आणि तीही खाली ठळक सही करून. ऐका आता.

शाळेची पायरी मी चढले नाही. पुडीच्या कागदांवरून अक्षरं शिकले. पुढं आमच्या देवपुरात नळाचा अर्ज असो की रस्त्याचा, लोक माझ्याकडेच येत.

तर सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ब्लड प्रेशर फार आहे, मीठ सोडा, नाहीतर एक दिवस तोंड वाकडं होईल. तोंड वाकडं! माझं! त्याच दिवशी मिठाची बरणी शेजारी देऊन टाकली. महिनाभर अळणी भाजी, अळणी वरण. सूनबाई रडकुंडीला आली, मी नाही. आणि महिन्यानं पारा? होता त्याहून वर!

म्हणजे बिघाड कुणात? यंत्रात, आणखी कुणात? मोठ्या साहेबांना अर्ज लिहिला. तीन पानं, एक खाडाखोड नाही. यंत्र तपासणीला गेलं. रांगेतली माणसं आठवडाभर तशीच परत जात होती, आणि मी त्यांना सांगत होते, माझ्या अर्जानं गेलं बरं का.

मग गेले गल्लीतल्या खासगी दवाखान्यात. व्यापारी मंडळींनी समाजासाठी काढलेला. बाक पुसलेले, यंत्र चकचकीत. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, बघितलं, पुन्हा फुगवला. पारा सरकारी पाऱ्याच्या शेजारीच जाऊन बसला.

"अक्का, मीठ खाता?"

"कण नाही."

तेवढ्यात शेजारची जनाबाई धापा टाकत आत. हातात वाटी, वाटीत ज्वारीच्या पापडांचा, म्हणजे आमच्या बिबड्यांचा, गरम घाटा, म्हणजे शिजवलेलं पीठ. बिबड्या घालायला गच्चीवर धोतर अंथरून बाया खोळंबल्या होत्या.

"अक्का, मीठ बरोबर शे का?"

अख्ख्या गल्लीच्या बिबड्यांचं मीठ माझ्याच जिभेनं ठरतं, माहीत आहे ना? पट्टा दंडालाच होता. दुसऱ्या हातानं चाखलं. नीट कळावं म्हणून वाटी संपवली.

"चिमूटभर कमी आहे," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अशा वाट्या दिवसाला किती?"

"सात-आठ. पण ते खाणं नाही, चाखणं."

बोलले, आणि माझं मलाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नवा अर्ज दिला. या वेळी एकच ओळ: यंत्र परत आणावे, ते ठीक आहे, बिघाड अर्जदाराच्या जिभेत आहे.

खाली सही, ठळक. आणि खाडाखोड याही वेळी नाही.