आईच्या नावापुढे 'गृहिणी'

सांगा ना, शेतकरी म्हणजे कोण? ज्याच्या नावावर सातबारा, तोच?

आज बाबांसोबत ग्रामपंचायतीत आईच्या मृत्यूची नोंद करायला गेले. तिथल्या बाबूने विचारलं, "माय काय करे?"

"शेतकरी होती."

तो हसला. "शेतकरी त तुमचे बाबा हायेत, ताई." आणि त्याने 'गृहिणी' लिहिलं.

बाबांचं आमगावात टेलरिंगचं दुकान आहे. धानाच्या बांधीतल्या चिखलात ते कधी उतरले नाहीत. रोवणीपासून कापणीपर्यंत सगळं आईच करायची. मी बाबांकडे पाहिलं.

"लिवू दे ना बेटा. काऊन भांडून राहिली?"

मी सही केली.

आई गेली तेव्हाही तिच्या नखांत रोवणीचा चिखल होता.

खाली कमेंटमध्ये 'आई म्हणजे देवी' लिहू नका. ती शेतकरी होती. मी फोन बंद करतेय.