नानांनी पुसलेले तारे

नाना गेल्याचं मला कोणी फोन करून कळवलं नाही. ती बातमी टेबलावर आली, निधन वार्तांच्या गठ्ठ्यात, पाच ओळींची. जळगावातील जुने छायाचित्रकार, पश्चात पत्नी, मुलगी, जावई. त्यात ‘मनमिळाऊ’ असा शब्द होता. तो मी खोडला आणि मजकूर पुढे पाठवला. त्याला सहा आठवडे झाले... खोडल्याचं अजून वाईट वाटत नाही.

नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात त्यांचा स्टुडिओ होता आणि आमच्या दैनिकाचे फोटोही तेच काढत. एरवी शहरी मराठी बोलत, चिडले की अहिराणीवर येत. माणसाला ते त्याच्या चुकीवरून ओळखत. एका वार्ताहराने हयात सरपंचाच्या नावामागे ‘कैलासवासी’ लावलं होतं. त्याला ते निवृत्तीपर्यंत ‘यमदूत’ म्हणत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे उपसंपादक होतो. रविवार पुरवणीत आकाशदर्शनाचं सदर सुरू व्हायचं होतं आणि मला ते हवं होतं. संपादकांची अट एकच होती, पहिल्या लेखाबरोबर मी स्वतः काढलेला ताऱ्यांचा फोटो. कॅमेऱ्याचं झाकण तासभर उघडं ठेवलं की तारे ध्रुवाभोवती कमानी काढतात, एवढं मी वाचनालयातल्या एका मासिकात पाहिलं होतं. नानांना विचारायला गेलो. ते म्हणाले, “आधी माणसं धर. दिवाळीच्या फोटोत तू संपादकांचं डोकं कापलंस. कोणाच्या लक्षात आलं नाही, ते वेगळं.” त्यानंतर मी त्यांना काही सांगायचं नाही असं ठरवलं. ही चूक माझी, ती इथे नोंदवतो.

यावलच्या पुढे एका मित्राची केळीची बाग होती. समोर उत्तरेला सातपुडा, त्याच्यावर ध्रुव, आणि दीपनगरच्या वीजकेंद्राचा उजेड पाठीमागे. पहिल्या फोटोच्या वेळी भिंगावर दव धरलं. दुसरा चालू असताना मित्र “चालू तरी आहे का, बघतो” म्हणाला आणि त्याने थेट भिंगात बॅटरी मारली. तिसऱ्याला आम्ही दोघे तासभर जागचे हललो नाही. पंपाला वीज आली तेव्हा पाणी सोडायलाही तो उठला नाही, कारण पंपाच्या बटणाबरोबर खोपटातला दिवाही लागला असता. पहाटे परतलो तेव्हा माझी खात्री होती की मिळाला.

कृष्णधवल फिल्म नीट धुणारी अंधारखोली तेव्हा आमच्या माहितीत एकच होती, नानांची. मी रोल दिला आणि ‘तिसरा फोटो मोठा करा’ एवढंच म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रिंट हातात ठेवला. खाली डोंगराची काळी कड, वर स्वच्छ काळं आकाश. एकही रेघ नाही. नाना थकलेले आणि खूश दिसत होते. “बठ्ठा ओरखडा काढी टाकात,” ते म्हणाले. “दोन दिवस गेले. कॅमेरा दुरुस्त करून घे.” ओरखडा असलेला प्रिंट दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता. बारीक कुंचला आणि काळा रंग घेऊन त्यांनी एकेक कमान बुजवली होती.

“नाना, ते तारे होते.”

“तारा ठिपका ऱ्हास. रेघ नही.” तारा ठिपकाच असतो, यावर ते ठाम होते.

मी निगेटिव्ह मागितली. प्रिंट गिऱ्हाइकाचा, निगेटिव्ह स्टुडिओची, हा सगळ्याच स्टुडिओंचा रिवाज. त्यांनी तो मला ऐकवला. पुन्हा प्रिंट काढा म्हटलं, तर “ओरखड्यांचा? माझ्या दुकानात?” सदर दुसऱ्याला मिळालं. पुढची दहा वर्षं पत्रकार परिषदेत, लग्नात, रस्त्यात, नाना चारचौघांना थांबवून माझी ओळख करून देत, “हे आमचे ओरखडेसाहेब. आज किती उगवले, साहेब?” लोक हसत. मीही हसत असे. यावलला मी पुन्हा गेलो नाही.

गेल्या रविवारी स्टुडिओ रिकामा करायला घेतला म्हणून मी निगेटिव्ह मागायला गेलो. नानांच्या पत्नीने, अक्कांनी, कपाट उघडून दिलं. पाकिटं वर्षांप्रमाणे लावलेली होती. माझ्या नावाच्या पाकिटात निगेटिव्ह होती आणि तिच्याखाली एक प्रिंट, सगळ्या कमानींसह. मागे नानांच्या अक्षरात पेन्सिलीने ‘ध्रुव, यावल’, आणि खाली माझ्या रोलनंतरच्या महिन्यातली तारीख. मी प्रिंट खिडकीपाशी नेला. निगेटिव्हवरच्या धुळीचे पांढरे ठिपके त्यांनी कुंचल्याने बुजवले होते आणि ताऱ्याच्या एकाही रेघेला धक्का लावला नव्हता. धूळ कोणती आणि तारा कोणता, हे त्या माणसाने एकेक करून तपासलं होतं. म्हणजे महिन्याभरात त्यांना कळलं होतं. संपादकांकडे जायला त्यांना पाच मिनिटं लागली असती. ते गेले नाहीत, आणि दहा वर्षं माझी ओळख करून देत राहिले.

इतकं चांगलं काम मी त्यांच्या हातचं दुसरं पाहिलेलं नाही. त्यामुळे राग कमी होत नाही, वाढतो.

“सापडलं का भाऊ?” अक्कांनी दारातून विचारलं. “ते तुमचं फार नाव काढायचे.”

“सापडली निगेटिव्ह,” मी म्हणालो. प्रिंटबद्दल मी त्यांना काही बोललो नाही.