नाल्यावरची दुसरी डहाळी

प्रश्न साधा होता : मूलजवळच्या जंगलातल्या एका नाल्यावर, माझ्या डहाळीशेजारी, दुसरी डहाळी रोज कोण ठेवते? उत्तर शोधायला निघालो तेव्हा मी इंटरचा विद्यार्थी होतो आणि भूत, चकवा असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आज मी सिंदेवाहीला मास्तर आहे. विश्वास आजही नाही... पण उत्तरही नाही. म्हणून जे जसे घडले, ते त्याच क्रमाने मांडतो.

कॉलेज चांद्याला होते. मी मूलजवळच्या खेड्यात मामांकडे राहत असे. मामेभाऊ लक्ष्मण, म्हणजे घरचा लखमा, माझ्याच वर्गात होता. सकाळी जंगलातल्या पायवाटेने मूलचे स्टेशन गाठायचे, छोट्या रुळांच्या गाडीने चांद्याला जायचे आणि संध्याकाळी तसेच परतायचे. गाडीत आम्हा पासवाल्यांचे दोन बाक ठरलेले असत. मध्ये दुपट्टा ताणून पत्ते चालत. केळझरच्या चढावर गाडी इतकी दमत असे की पोरे खाली उतरून तेंदूची टेंबरे वेचत आणि धावत पुन्हा चढत. लखमा त्यात सर्वांत पटाईत होता.

आम्हा दोघांना मिळून मामी भाताचा एकच डबा देत. एक दिवस तो मी उचलायचा, एक दिवस लखमाने. एका सकाळी मला वाटले, त्याने घेतला. त्याला वाटले, मी घेतला. मामी डबा घेऊन आमच्यामागे स्टेशनकडे निघाल्या. नाल्याच्या उतारावर जनावराने, म्हणजे वाघाने, त्यांना धरले... आम्ही तेव्हा गाडीत पत्ते पिसत होतो.

त्या दिवशी पाळी कोणाची होती, हे आम्ही एकमेकांना कधीच विचारले नाही.

जनावराने माणूस जिथे नेले, त्या जागेवरून जाणाऱ्या प्रत्येकाने हिरवी डहाळी ठेवायची, अशी आमच्याकडे रीत आहे. डहाळी त्या जागी मोडायची नाही. अलीकडून मोडून हातात न्यायची, ठेवायची आणि मागे न पाहता पुढे जायचे. जाणारे-येणारे साग, मोह, पळस, जे हाताला लागेल ते ठेवत. मीही ठेवू लागलो. लखमाने मात्र ती वाटच सोडली. तो लांबच्या गाडीरस्त्याने येई आणि बहुतेक दिवस गाडी चुकवी. हजेरी भरेना. शेवटी कॉलेज सोडतो म्हणाला.

मामा मला बांधावर गाठून म्हणाले, "का गा, तू तरी समजव त्याले. माय गेली ते गेली, आता पोराचं शिक्षण बी जाऊन राह्यलं."

मी काय समजावणार होतो? त्या डब्यातला अर्धा भात माझा होता.

याच दिवसांत माझे लक्ष गेले. सकाळी मी डहाळ्यांच्या ढिगाजवळ पोचे, तेव्हा मी रोज ठेवी ती जागा सोडून, शेजारी, शेवग्याची डहाळी ठेवलेली असे. शेवगा जंगलात नाही. गावातही एकच होता, मामींनी अंगणात लावलेला. शिवाय शेवग्याचा पाला फार लवकर मान टाकतो. मी एक डहाळी घरून हातात नेऊन पाहिली. नाल्याशी येईतो ती मलूल झाली होती. शेजारची मात्र नुकती मोडल्यासारखी ताठ होती, आणि मोडल्या जागी डिंक ओला होता.

पहिला संशय लखमावर गेला. त्याला सरळ विचारले.

"का गा मास्तर," तो म्हणाला. मी नोकरीला लागण्याआधीपासून तो मला याच नावाने चिडवी. "ज्या वाटेनं मी पाय नाई टाकत, तिथी डहाळी काय उडवून टाकू?"

पुढे एकदा मामा बियाण्यासाठी सिंदेवाहीला मुक्कामी गेले. लखमा तापाने घोंगडीत पडून होता. मी मुद्दाम सर्वांआधी निघालो. वाटेवरच्या गवतातले दव कोणी मोडलेले नव्हते. नाल्यावर शेवग्याची डहाळी होती.

ताप उतरल्यावर मी लखमाला म्हणालो, "कॉलेज सोडायचे तर सोड. त्याआधी एकदा माझ्याबरोबर चल." तो कसाबसा आला. माझी डहाळी मी ठेवली. शेजारी दुसरी होतीच. लखमा खाली बसला आणि तिच्या मोडल्या टोकाकडे पाहत राहिला.

"माय अशीच मोडे," तो म्हणाला. "पिरगाळून. बाबा रागवत, सरळ मोड म्हणत. आयकेच नाई." मग म्हणाला, "डबा बी तिनंच आणायचा, अन् माह्या वाटची डहाळी बी तिनंच ठेवायची. मेल्यावर तरी तिले बसू देऊ का नाई आपण?"

तो उठून चढावर परत गेला, मोहाची डहाळी मोडून आणली आणि ठेवली. "राहू दे आता, माय. मी ठेवतो."

त्या दिवशी आम्ही गाडी पकडली. बाकावरून एक जण म्हणाला, "आला का लखमा? तुह्या जागेवर बकरी बसवणार होतो." "बसवा ना," लखमा म्हणाला, "पत्ते तुमच्यापेक्षा बरे खेळंल." फार दिवसांनी तो हसला होता.

दुसऱ्या दिवसापासून शेवग्याची डहाळी दिसली नाही. लखमाने शिक्षण पुरे केले. मला सिंदेवाहीला नोकरी लागली आणि मामांकडे जाणे वर्षा-दोन वर्षांवर गेले, तेही संध्याकाळच्या गाडीने, ढिगावर दिवसभराच्या डहाळ्या पडल्यावर.

यंदा प्रथमच गाडीरस्त्याने गेलो. लखमा आता मूलच्या भातगिरणीत कारकून आहे. त्याच वाटेने रोज जातो. मी त्याच्याबरोबर निघालो. नाल्यावर त्याने डहाळी ठेवली. शेजारी शेवग्याची होती. ताठ.

"हे कधीपासून?"

"तू नोकरीले गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. तू आला, इथी ठेवून गेला, का दुसऱ्या दिवशी नसते. मंग पुन्हा सुरू."

"मला सांगितले का नाहीस?"

"काय सांगू, मास्तर? नोकरी सोड म्हणू?"

इतकी वर्षे मी ती डहाळी लखमाच्या वाटची म्हणून मोजत होतो. माझ्या वाटचीही कोणी भरून काढील, हे मनातही आले नव्हते. अंगणातला शेवगा मागच्या वादळात मुळासकट पडला आहे, हेही येथे नोंदवतो. डहाळी कोठून येते, ते मला सांगता येत नाही.

सिंदेवाहीहून रोज तिथे जाणे मला शक्य नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे : माझ्या शब्दावर विसंबू नका. मूलला उतरलात, तर सकाळच्या गाडीआधी पूर्वेच्या पायवाटेने नाल्यापर्यंत जा आणि स्वतः पाहा. आसपास कुठे शेवगा आहे का, तेही शोधा. जाताना अलीकडूनच डहाळी मोडून घ्या. शक्य झाल्यास दोन घ्या. दुसरी माझ्या वाटची ठेवा. मामींची तेवढी एक खेप वाचेल.