न लागलेल्या फोनांचा हिशोब

आमच्या टेलिफोन कंपनीत नियोजनाचं काम बघणाऱ्या बाईंना सगळे निम्मेबाई म्हणायचे. आधी पाठीमागे, मग त्या हसतात हे कळल्यावर तोंडावरही.

दोन माणसं फोनवर बोलू लागण्याआधी दोन टेलिफोन केंद्रं एकमेकांशी बोलतात: कोण हवंय, लाइन मोकळी आहे का, घंटी वाजवू का. या निरोपांचे रस्ते वेगळे असतात आणि ते जोडीनंच टाकतात. एक बंद पडला तर दुसऱ्यानं दोघांचं ओझं उचलायचं. म्हणून बाई कुठलाही रस्ता निम्म्याच्या आतच भरू द्यायच्या. साहेबांनी एकदा विचारलं, जेवताही अर्धपोटीच का? बाई म्हणाल्या, शेजाऱ्याचं जेवण माझ्याच पोटात येणार असतं, तर तेही केलं असतं.

त्या आठवड्यात जोडीतला एक रस्ता दुरुस्तीसाठी दिवसभर बंद ठेवायचा होता. बाईंनी संगणकावर भार मांडून पाहिला. दुसरा सहज पेलेल असं दिसलं. त्यांनी होकार दिला.

दुरुस्तीच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी आल्या, तर नणंद फोन घेऊन बसलेली. मुलीच्या कॉलेजप्रवेशाच्या चौकशीचा नंबर सकाळपासून लागत नव्हता. फिरवून फिरवून अंगठा दुखला, म्हणाली.

"उद्या शेवटचा दिवस, वहिनी. उद्या तर सगळं शहर तुटून पडेल."

बाई दारातच थबकल्या. फोन लागो न लागो, निरोप जातात आणि परत येतात. पण बाईंचं गणित फक्त लागलेल्या फोनांवर उभं होतं. नणंदेचा दिवसभराचा खटाटोप त्यात कुठेच नव्हता. एकट्या रस्त्यावर हे ओझं पडून तो तुंबला, तर कॉलेजचाच नाही, दवाखान्याचा फोनही लागला नसता.

चहा निवला. बाई स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत. नवरा म्हणाला, एका जागी बस बघू. त्यांनी साहेबांना फोन लावला.

साहेबांचा पारा चढला. माणसं बाहेरून बोलावली होती, सामान येऊन पडलं होतं.

"होकार तुमचाच ना?"

"माझाच. तो चुकला. काम थांबवा."

काम थांबलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही रस्ते चालू होते आणि बाई संगणकाच्या पडद्यासमोर उभ्या; खुर्ची होती, पण बसवेना. भार चढला, निम्म्याच्या काठाशी रेंगाळला, उतरला. एकट्या रस्त्यानं हे पेललं असतं का, कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना.

"काहीच झालं नाही की," साहेब म्हणाले, तक्रार केल्यासारखे. यापुढे होकाराआधी गणित दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून घ्या, असंही म्हणाले. बाईंना ते झोंबलं. पण त्या हो म्हणाल्या आणि तडक खाली केंद्रात गेल्या. न लागलेल्या फोनांची मोजणी मिळेल का, विचारलं. तिथला माणूस म्हणाला, मिळेल, पण ती कुणी मागत नाही. सवडीनं काढून ठेवतो.

बाई तिथंच उभ्या राहिल्या.