खोकायला मुभा असलेली मैफल

वृंदातले सगळे गायक तिला किल्ली म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. तालमीच्या खोलीची, पोशाखांच्या कपाटाची, पियानोच्या झाकणाची, अशा साऱ्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या गळ्यात सदा लटकलेला असायचा, हे नावामागचं एक कारण. दुसरं कारण खर्जकाका सांगायचे. वृंदातला सगळ्यात खालचा सूर त्यांचा, आणि वयानेही तेच सगळ्यात मोठे. ते म्हणायचे, "आम्ही म्हणजे चावीची खेळणी. हिने किल्ली दिली नाही तर एकही जण जागचा हलणार नाही."

त्यात फारसं खोटं नव्हतं. सभागृह ठरवायचं, गाडी सांगायची, तिकिटं छापून घ्यायची, कोणाचा घसा बसला की त्याच्या जागी कोण हे आधीच हेरून ठेवायचं, शाळा आणि वृद्धाश्रमांत गाणं घेऊन जायचं, ही सगळी तिची कामं. गायकांची मोट बांधणं म्हणजे बेडकांची पंचेरी, एकाला तागडीत टाकावं तर दुसरा बाहेर उडी मारतो. पण ती मूळची मालवाहतुकीच्या कचेरीतली. कुठला ट्रक कुठल्या गोदामात कधी लागायचा हे ठरवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. नव्या नोकरीबद्दल कोणी विचारलं तर ती म्हणायची, "काम तेच आहे हो. फक्त ट्रकला सर्दी होत नाही, आणि शेजारच्या ट्रकला जास्त टाळ्या पडल्या म्हणून तो रुसून बसत नाही."

गाणी निवडायचे मास्तर, म्हणजे वृंदाचे संचालक. ती कोणत्या क्रमाने म्हणायची यावरून मात्र दोघांची दरवेळी जुंपायची. मास्तर गाण्यांच्या नात्याकडे बघायचे, किल्ली माणसांच्या पाठीकडे. कार्यक्रम सुरू झाला की ती शेवटच्या रांगेत बसायची आणि रंगमंचापेक्षा प्रेक्षकांनाच जास्त ऐकायची. खुर्ची कुठे करकरली, कागद कुठे सळसळला, आणि मुख्य म्हणजे खोकला कुठून आला. माणूस गाण्यात बुडाला की खोकायचं विसरतो आणि कंटाळला की पहिल्यांदा त्याचा घसा खवखवतो, असा तिचा सिद्धांत होता. ज्या गाण्यात खोकले जास्त, त्याची जागा पुढच्या कार्यक्रमात बदललीच म्हणून समजा.

तिच्या शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे बसायचे. बाबा सुतार होते. लग्न होऊन आली तेव्हा सासरा आणि सून यांच्यात बोलण्यासारखं फार काही नव्हतं. ही नोकरी लागली आणि एकदा नवऱ्याला दुकानातून निघता येईना म्हणून तिने बाबांना सोबत नेलं. तेव्हापासून त्यांनी एक कार्यक्रम चुकवला नाही. परतीच्या बसमध्ये दोघं सबंध कार्यक्रम पुन्हा उलगडून बसायचे. बाबांना सुरांतलं कळत नव्हतं, पण कुठलं गाणं चपखल बसलं आणि कुठल्यात फट राहिली हे ते बरोबर सांगायचे.

पुढे लाकडाच्या भुशाने आपलं येणं वसूल करायला सुरुवात केली. बाबांची छाती भरायला लागली. डॉक्टरांनी औषधं दिली, फुंकायचं यंत्र दिलं, पण खोकला काही हटेना. आणि एका कार्यक्रमात नको ते झालं. सगळे आवाज धाग्याएवढे बारीक झालेले, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि नेमकी तेव्हाच बाबांना उबळ आली. ती थांबेना. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून बघितलं. मग त्यांच्या शेजारच्यांनी बघितलं. एका बाईंनी पर्समधून गोळी काढून पुढे केली, पण चेहरा असा की गोळी नको पण चेहरा आवर. बाबा उठून बाहेर गेले. जाताना दाराचा आवाज झाला तो वेगळाच.

त्या दिवशी बसमध्ये बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी बाबा म्हणाले, "तू हो पुढे. माझा गुडघा दुखतोय." गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनी कानाला खडा लावला होता.

किल्लीने आग्रह केला नाही. पण शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली तसा तिला स्वतःचाच सिद्धांत टोचायला लागला. इतकी वर्षं ती प्रत्येक खोकल्याला गाण्याचा अपमान समजत आली होती. त्यातले कितीजण कंटाळलेले होते आणि कितीजण नुसते आजारी, हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

अशात एके दिवशी इस्पितळाच्या छातीच्या विभागातून एका फिजिओथेरपिस्ट मुलीचा फोन आला. श्वासाचे व्यायाम करून पेशंट कंटाळतात, ती म्हणाली. गाताना श्वास आपोआप लांब सोडावा लागतो. आठवड्यातून एकदा तुमच्यापैकी कोणी येऊन गाऊन घेईल का? मास्तर म्हणाले, "खुशाल करा. फक्त तालमीच्या वेळेवर गदा नको." खर्जकाका एका पायावर तयार झाले.

वर्ग भरला इस्पितळाच्या जुन्या जेवणघरात. फिनेलचा वास, उंच खिडक्या आणि हललं की कुरकुरणाऱ्या लाकडी खुर्च्या. आलेली मंडळी आधी एकमेकांकडे चोरून बघत होती. त्यात एक निवृत्त बस कंडक्टरबाई होत्या. त्यांच्या मागे चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं. त्यांनी त्याची ओळख करून दिली, "हे आमचे मिस्टर. मी जाईन तिथे मागे. बोलत नाहीत, एवढा गुण आहे." सगळे हसले, हसता हसता खोकले, आणि वर्ग सुरू झाला.

किल्लीने जेवताना घरी हे सांगितलं. बाबा म्हणाले, "छान आहे. पण माझं नाव काढू नकोस. माझ्या घशातून करवतीचा आवाज येतो." तिने विषय सोडला. पुढच्या आठवड्यात मात्र ती ताटाकडे बघत म्हणाली, "त्या खुर्च्यांचं काय करावं कळत नाही. सूर कमी आणि कुरकुर जास्त."

बाबांनी घास खाली ठेवला. "सांधे सुटले असतील. लाकूड कुठलं आहे?"

"मला काय कळतंय लाकडातलं."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुढच्या वेळी येतो. पण मला काही कळत नाही असं समजू नकोस."

"काय कळत नाही?"

"खुर्च्यांचं निमित्त आहे ते."

"निमित्तच आहे, बाबा. पण खुर्च्या कुरकुरतात हेही खरं आहे."

तिचा नवरा दोघांकडे बघून गालात हसला आणि त्याने आमटी वाढून घेतली.

बाबा सरस आणि सांधे आवळायचे शिकंजे घेऊन गेले. पहिले काही आठवडे ते वर्गाकडे पाठ करून कोपऱ्यात खुर्च्या जोडत बसले. मग खर्जकाकांनी एक दुरुस्त खुर्ची वर्तुळात ओढली आणि म्हणाले, "बसून दाखवा बघू. तुमच्या कामाची खात्री तुम्हीच द्या." बाबा बसले. उठावं की काय असा विचार करेपर्यंत शेजारच्यांनी सूर लावला होता. ओठ मिटून गुणगुणायचं होतं, त्यात कोणाचा आवाज कोणता ते कळत नाही. बाबा गुणगुणले. किल्ली दारात उभी होती. ती चहाचं बघायला निघून गेली.

एक सूर लांब धरायचा म्हटलं की वर्गाची पंचाईत व्हायची, कारण कोणाचाच श्वास टिकायचा नाही. मोठ्या वृंदात गायक आळीपाळीने श्वास घेतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. खर्जकाकांनी ते परोपरीने समजावलं, पण सगळे एकदमच थांबायचे. शेवटी कंडक्टरबाई म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. मी उतरते तेव्हा तुम्ही चढा. सगळे एकाच थांब्यावर उतरलात तर गाडी रिकामी जाणार नाही का?" त्या दिवसापासून उतरणारा बोट वर करायचा आणि शेजारचा सूर उचलून धरायचा. सूर हलायचा, बारीक व्हायचा, पण गाडी चालू राहायची.

किल्लीला हुरूप आला. वार्षिक कार्यक्रमात एका गाण्याखाली या मंडळींचा सूर ठेवावा असं तिच्या मनात आलं. तिने मास्तरांना वर्गावर बोलावलं. नेमका तो दिवस वाईट निघाला. हवा कुंद होती, निम्मे लोक धापा टाकत होते आणि सूर दर थोड्या वेळाने तुटत होता. बाहेर पडताना मास्तर म्हणाले, "किल्ली, तुम्हाला वाईट वाटेल, पण हे त्या कार्यक्रमात बसणार नाही."

"नाही बसणार," ती म्हणाली. तिलाही ते दिसलं होतं. मनाचं काहीही म्हणणं असो, क्रम लावणारा तिचा कान खोटं बोलायचा नाही.

तिने हे वर्गाला सांगितलं तेव्हा कोणी हिरमुसलं नाही. कंडक्टरबाई म्हणाल्या, "गायचं राहू द्या हो. आम्हाला ऐकायला कधी बोलावणार ते सांगा."

"कधीही या की. तिकिटं मी देते."

"तिकिटांचं नाही. खोकल्याचं काय करू? सिनेमाला जात नाही, भाषणाला जात नाही. परवा भाचीच्या शाळेतल्या नाटकातून उठून आले."

मग एकेकजण बोलायला लागला. कोणी पटकन बाहेर पडता यावं म्हणून दारातच उभं राहायचं, कोणी मध्यंतरानंतर परतच जायचं नाही. बाबा खुर्चीच्या पायाला पॉलिश पेपर लावत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मीही सोडलं."

किल्ली त्या दिवशी बसमध्ये बसली ती आपला थांबा ओलांडून पुढे गेली. तिला वाटत होतं ही एका घरातली गोष्ट आहे. इथे तर खोलीभर माणसं बाहेर उभी होती, आणि त्यांना आत घेणं तिच्याच कामात बसत होतं.

दुपारचा एक कार्यक्रम. दारं उघडी, रांगांमध्ये मोकळी जागा, प्रत्येक खांबापाशी पाणी. जाहिरातीत स्पष्ट लिहायचं: खोका, उठा, फेरी मारा, परत येऊन बसा. ही योजना घेऊन ती मास्तरांकडे गेली. सोबत गाण्यांची निवडही तिनेच करून नेली होती. सगळी भरगच्च, दणदणीत गाणी, म्हणजे खोकले आपसूक बुडतील.

मास्तरांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "ही मैफल आहे की मिरवणूक?"

"त्यांना संकोच वाटू नये म्हणून."

"म्हणजे आजारी माणसांना आपण नुसता गोंगाट ऐकवायचा? त्या बारीक आवाजाच्या गाण्यासाठी लोक लांबून येतात. ते यांनी ऐकायचं नाही का?"

"कोणी मध्येच खोकलं तर?"

"खोकू दे. तुम्हीच लिहिलंय ना जाहिरातीत. आमचे लोक गातील. गायक आहेत, काचेची भांडी नाहीत."

किल्लीने कागद परत घेतला. मास्तरांकडून तिला हे अपेक्षित नव्हतं. मग ते गाणं कितव्या जागी घ्यायचं यावरून दोघांची नेहमीप्रमाणे जुंपली, आणि तिला बरं वाटलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं नाही, पण निम्म्याहून पुढे गेलं. छातीच्या विभागातली मंडळी आलीच, शिवाय ज्यांचा विचारही कोणी केला नव्हता तीही आली. कडेवर बाळं घेतलेल्या आया, पाय सारखा हलवल्याशिवाय बसू न शकणारा एक शिंपी, मोठ्या बहिणीचा हात धरून आलेला एक प्रौढ भाऊ, जो आनंद झाला की जोरात बोलायचा. सभागृहाचा व्यवस्थापक कपाळाला आठ्या घालून दारापाशी उभा होता. तिसऱ्या गाण्यापर्यंत तो एका आजोबांना पाणी आणून देताना दिसला.

बाबा किल्लीच्या शेजारी बसले होते. बारीक आवाजाचं गाणं सुरू झालं. पहिला खोकला डावीकडून आला, मग मधून, मग एक बाळ किंचाळलं. वरच्या सुरातली एक गायिका क्षणभर दचकली, पण मास्तरांचा हात जसा चालला होता तसाच चालत राहिला. मग बाबांना उबळ आली. त्यांनी रुमाल काढला आणि सवयीने अर्धवट उठले. किल्ली समोरच बघत राहिली. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणी वळलं नव्हतं. दोन खुर्च्या सोडून बसलेले गृहस्थ स्वतःच्याच खोकल्यात गुंतले होते. बाबा खाली बसले, मनसोक्त खोकले, तोंड पुसलं आणि पुन्हा ऐकायला लागले. गाणं तिथेच होतं, तेवढंच बारीक.

शेवटच्या गाण्याआधी मास्तरांनी ठरल्याप्रमाणे मागे वळून मान डोलावली. वर्गातली मंडळी सभागृहात जागोजागी बसली होती, त्यांनी बसल्या जागेवरूनच सूर धरला. बोटं वर जात होती, शेजारचे उचलून धरत होते. काही अनोळखी लोकही त्यात मिसळले. एकदा सूर इतका बारीक झाला की किल्ली खुर्चीतून पुढे सरकली. मग खर्जकाकांचा आवाज खालून आला आणि गाडी पुढे निघाली. बाबा डोळे मिटून गात होते. फार सुरेल नव्हतं. ती त्यांच्याकडे न बघता ऐकत राहिली.

नंतर ग्रीनरूममध्ये मास्तरांनी विचारलं, "पुढचा कधी ठेवताय?" तेव्हापासून दुपारची मैफल दर ऋतूला एक अशी ठरून गेली आहे. काही गायकांना ती आवडत नाही आणि ते तसं सांगतातही. किल्ली त्यांना मोठ्या कार्यक्रमात जास्तीचं गाणं देऊन समजूत काढते. बाबांची छाती बरी झालेली नाही, होणारही नाही, पण वर्ग त्यांनी सोडलेला नाही. परवाच्या मैफलीनंतर जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "ते लांबलचक गाणं दुसऱ्या नंबरला नको होतं. तोपर्यंत माणसं नीट बसलेलीही नसतात."

"मग कुठे घ्यायचं?"

"चौथ्या. त्याच्याआधी काहीतरी छोटं. हसरं."

"मास्तर ऐकायचे नाहीत."

"मास्तरांना मी सांगतो."

"आधी जेवून घ्या दोघं," नवरा म्हणाला. किल्लीने हात धुतला, पेन शोधलं आणि कार्यक्रमाच्या कागदावर दुसऱ्या गाण्यापुढे चारचा आकडा घातला. बाबांचं म्हणणं बरोबर होतं.