थेटरातली नवी फरशी

कोरेगावच्या थेटरात राजा व्हायचा तो आकारामनंच. मिशी भरदार, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतलं रडतं पोरही गप्प व्हावं. थेटर गावानंच अंगमेहनतीनं उभारलेलं. रंगमंच लाकडी फळ्यांचा, आणि आवाज घुमावा म्हणून जुन्या लोकांनी फळ्यांखाली रिकामे रांजण पुरून ठेवलेले.

लढाईवरून आकाराम परतला तो तोफखान्यात दोन्ही कान घालवून. हे ठाऊक फक्त त्याच्या बायकोला, चंद्राबाईला. बाकीच्यांशी तो ओठांकडे बघून बोलायचा. ओठ दिसले नाहीत तर बोलायचाच नाही. गाव म्हणालं, पलटणीत जाऊन शेफारला. गावाला काय, कुणाला तरी नावं ठेवायलाच हवीत! आकारामनं ते मुकाट्यानं ऐकून, म्हणजे बघून घेतलं. बहिऱ्याला राजा कोण करणार?

एकदा तो सहज थेटरात डोकावला. कोंडीबा तबलजी एकटाच हात साफ करत बसला होता. आकाराम चपला काढून फळ्यांवर चढला आणि जागच्या जागी थबकला. तळपायांतून ठेका वर येत होता! डग्ग्यावर थाप पडली की खालचे रांजण घुमत आणि फळी थरथरे. राजाची गाणी ज्या समेवर धरायची, ती कुठं येते ते पायांना बरोबर कळत होतं. घरी येऊन तो चंद्राबाईसमोर ढसाढसा रडला.

"यंदाच्या जत्रंला मीच राजा," तो म्हणाला.

थेटराचे कारभारी लालासाहेब. माणूस मनाचा मोठा, पण एकदा डोक्यात काही घेतलं की दुसऱ्याला विचारायचं म्हणून नाही. लढाईवरून आलेल्या गड्याचा मान म्हणून त्यांनी थेटर नवं करायला काढलं आणि दाराला कुलूप ठोकलं.

"जत्रंपतुर आत पाऊल टाकायचं न्हाई, आकाराम. तुज्यासाठीच चाललंय समदं!"

पत्रे बदलत असतील, भिंतींना चुना देत असतील, असं आकारामला वाटलं.

जत्रेच्या दिवशी, दुपारच्या खेळाला, मुकुट चढवून तो पडद्यामागून अनवाणी पुढं आला. पाय गार दगडाला लागले. शहाबादी फरशी! रांजण फोडून, खड्डा मुरमानं बुजवून, वर ठोकून ठोकून बसवलेली. कोंडीबाचे हात डग्ग्यावर पडताना दिसत होते, पायांना मात्र काहीच कळत नव्हतं. त्यानं टाच दाबून बघितली, जागा बदलून बघितली. तोफांच्या तोंडातून वाचून आपल्याच थेटरात मेलो, असं त्याला झालं.

बाजूला लालासाहेब हसतमुखानं उभे होते. गावच्या बायकांनी, चंद्राबाईला पत्ता न लागू देता, डोक्यावरून मुरूम वाहिला होता. कुणाला काय बोलणार?

"घसा बसलाय," एवढंच म्हणून त्यानं मुकुट, तो पलटणीत असताना राजा झालेल्या हरिबाच्या डोक्यावर ठेवला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसला. बायकांच्या बाजूला बसलेली चंद्राबाई अर्धवट उठली.

खेळ सुरू झाला. लालासाहेब आकारामशेजारी येऊन टेकले.

"फरशी कशी हाय, गड्या?"

आकाराम कोंडीबाच्या हातांकडे बघत होता.

"रागावलास व्हय रं?"

आकारामची नजर तबल्यावरच. लालासाहेबांचं माथं भडकलं. त्यांनी आकारामच्या कानाशी खाडकन टाळी वाजवली. मागची चार माणसं दचकली. आकारामची पापणीसुद्धा हलली नाही.

लालासाहेब उठले ते तडक बायकांच्या बाजूला गेले.

"चंद्राबाई, ह्येला ऐकू येत न्हाई?"

"न्हाई," डोळ्याला पदर लावत ती म्हणाली. "आवं, त्या रांजणांवर त्येंना पायानं ठेका कळत हुता."

लालासाहेबांनी वळून नव्या फरशीकडे बघितलं. पहिला रांजण त्यांनी स्वतःच्या हातानं फोडला होता. आधी आकारामच्या नावानं नारळ वाढवला होता आणि मग पहार घातली होती.