घोडेभंज्यांग, आठ एकतीस

नेपाळगंजहून सिमीकोटला जायला पन्नास मिनिटं लागतात. कॅप्टन इंद्रमान भट्टचन बावीस वर्षं तेवढंच करत होते. सकाळी तीन फेऱ्या. पहिलीत माणसं, नंतरच्या दोनांत तांदूळ. बारानंतर डोंगरात वारा उठतो आणि लहान विमानांचं काम संपतं. मग खोलीवर येऊन भात, कूलर, झोप. महिन्यातून चार दिवस पोखऱ्याला बायकोकडे.

मनकला रोकाया आठ महिन्यांपासून त्यांच्या उजवीकडे बसत होती. ती जुमल्याची, वय सव्वीस. सिमीकोटला विमान उतरवायचं काम फक्त कॅप्टनचं, तिनं उतरण्याआधीच्या तपासणीची यादी वाचायची आणि रेडिओकडे लक्ष ठेवायचं. पहिला महिना ती त्यांना कॅप्टनसाब म्हणाली. मग दाजू म्हणायला लागली, थोरला भाऊ. ते तिला बैनी म्हणत, धाकटी बहीण.

लग्नकार्यात लोक त्यांना विचारायचे, रोज आकाशात जाता, कंटाळा येत नाही का? ते म्हणायचे, "बसवाल्याला विचारता का कधी?" लोक हसायचे. मनकलानं मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, आणि तिला त्यांनी नीट सांगितलं. पहिल्यांदा सिमीकोटला उतरले तेव्हा पत्र्याच्या खोलीमागे जाऊन ओकले होते. पुढची तीन वर्षं फेरीच्या आदल्या दिवशी जेवण जात नसे.

"तेव्हा छान होतं," ते म्हणाले.

"आणि आता?"

"आता पोखऱ्याच्या न्हाणीघरात कुठली फरशी घालायची ते ठरवतो. वर असताना चांगलं सुचतं."

ती हसली होती. तेही.

चैत्र सरत आला होता. त्या दिवशी पहिली फेरी सरळ झाली. दुसरी आठ वाजता निघाली, मागे पोती रचलेली. पंचविसाव्या मिनिटाला समोर खिंडीत ढग दिसला. घोडेभंज्यांगची खिंड हा नेहमीचा रस्ता. ती बुजली की पश्चिमेच्या दरीतून वळसा घ्यायचा. भट्टचनांनी विमान पश्चिमेला वळवलं. वळसाही सवयीचा होता.

या डोंगरांत रडार पोचत नाही. कोण कुठे आहे हे ज्यानं त्यानं रेडिओवर सांगायचं, आणि बाकीच्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा.

आठ एकतीस झाले. भट्टचन रेडिओवर म्हणाले, "घोडेभंज्यांग पार. साडेबारा हजार फूट."

आवाज नेहमीचाच होता. मनकलाच्या मांडीवरच्या कागदावरही तेच लिहिलेलं होतं. घोडेभंज्यांग, ८:३१. त्यांनी बोलण्याआधीच तिनं लिहिलं होतं.

रेडिओवर कॅप्टन लम्साल बोलले. ते रिकामं विमान घेऊन सिमीकोटहून खाली येत होते. "ऐकलं, भट्टचन. खिंड तुझी. मी पश्चिमेच्या दरीतून येतो."

"बरं," भट्टचन म्हणाले.

मनकलानं ते ऐकलं. पश्चिमेच्या दरीत आपणच आहोत ते कळायला किती वेळ लागला हे तिला नंतरही सांगता आलं नाही. दरीच्या वळणावर समोर एक पांढरा ठिपका दिसला आणि तो लगेच ठिपका राहिला नाही. भट्टचनांनी चाक उजवीकडे नेलं. समोरच्यानंही आपलं उजवीकडे नेलं. एका क्षणासाठी तिला लम्सालांचा गॉगल दिसला, त्यांचं उघडं तोंड दिसलं. मग नुसता डोंगर.

भट्टचनांनी विमान सरळ केलं.

"यादी वाच," ते म्हणाले.

ती वाचू लागली. चौथी ओळ सोडून पाचवीवर गेली. ते थांबले. तिनं पुन्हा सुरुवात केली. खाली सिमीकोटचा भोंगा वाजला, धावपट्टीवरून मेंढ्या हटल्या, ते उतरले. उतरणं नेहमीसारखंच सफाईदार होतं.

हमाल पोती उतरवत होते. ते दोघं पंखाखाली उभे होते.

"हात दाखव," भट्टचन म्हणाले.

तिनं दाखवले. बोटं थरथरत होती.

त्यांनी स्वतःचे हात पुढे धरले आणि बराच वेळ पाहिले. मग खिशात घातले. परतीच्या वाटेवर त्यांनी प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी बघून सांगितलं.

नेपाळगंजला लम्साल चहाच्या टपरीवर बसले होते. टोपी मांडीवर, ग्लास तसाच भरलेला.

"ये," ते म्हणाले. "माझ्या खिडकीतून तुझं टक्कल दिसलं रे. तेल कुठलं लावतोस?"

भट्टचन बाकावर बसले. मनकला उभीच राहिली.

"चूक माझी," भट्टचन म्हणाले. "मी खिंडीत नव्हतो."

"ते मला कळलं. चांगलंच कळलं." लम्सालांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "हे बघ, कागद नको. माझा कोपायलट माझ्या मेव्हण्याचा पोरगा आहे, तो तोंड उघडणार नाही. ही तुझी बैनी आहे. तुझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. लिहिलंस तर उद्यापासून घरी बसशील, आणि परत बोलावतील याचा भरवसा नाही. गप भात खा आणि तिसरी फेरी कर."

"तू घाबरलास?"

"काय विचारतोस? पाय लटपटतायत म्हणून बसलोय इथं. चहासुद्धा उचलता येत नाहीये."

"मी नाही घाबरलो."

"वा रे मर्दा."

"तसं नाही, लम्साल." भट्टचन ग्लासाकडे बघत होते. "भीतीची वाट बघतोय मी. सिमीकोटला उभा राहून बघितली. येताना बघितली. म्हटलं उशिरा येईल. येतच नाही. तू समोर आलास आणि मला वाटलं, अरे, लम्साल. बस. तेवढंच."

लम्साल म्हणाले, "येईल. जेवल्यावर येईल."

"आणि नाही आली तर? मागे पोत्यांऐवजी माणसं असतील कधीतरी. सकाळी होतीच."

ते उठले. पलीकडे त्यांच्या विमानात तिसऱ्या फेरीची पोती चढत होती.

कंपनीच्या खोलीत रिझवान बसायचा. फेऱ्यांचा फळा, हवामानाचे कागद, सगळं त्याच्याकडे. भट्टचनांनी त्याच्याकडे घटनेचा फॉर्म मागितला. त्यानं दोन खण उघडून पाहिले, तिसऱ्यात सापडला.

"पक्षी धडकला का, साब?"

"नाही."

ते उभ्यानंच लिहीत होते. अक्षर सुरेख होतं. रिझवाननं कागद आपल्याकडे वळवून वाचला. ठिकाण न बघता सांगितलं. त्यामुळे दुसरं विमान समोर आलं. समोर आलं तेव्हा काहीही वाटलं नाही. मला विमान देऊ नये.

"साब," तो हळू आवाजात म्हणाला, "शेवटचं तर फॉर्ममध्ये विचारलेलंच नाहीये."

"जागा होती."

"वरिष्ठांना फोन लावू का आधी? बोलून बघा एकदा. असं लिहिलं तर—"

"लाव. पण कागद राहू दे."

मागोमाग आलेली मनकला पुढे झाली. तिनं पेन उचललं. दुसऱ्या वैमानिकाच्या रकान्यात ती लिहू लागली तेव्हा भट्टचनांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नुसती सही कर, बैनी. तुझं काही नाही यात."

"मीही लिहिलं होतं. घोडेभंज्यांग. तुम्ही बोलायच्या आधी."

"तुला भीती वाटली. तुझे हात मी बघितले."

"ते नंतर, दाजू. लिहिताना थरथरत नव्हते." तिनं पेन सोडलं नाही. "मला आठच महिने झालेत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी मनगटावरचा हात काढून घेतला.

तिनं लिहिलं. ८:३१ ला मीही बाहेर पाहिलं नव्हतं. खाली सही केली.

रिझवाननं फळ्यावरची दोन नावं पुसली. त्या जागी लिहायला दुसरं कुणी नव्हतं. तिसरी फेरी रद्द झाली. तो दारात जाऊन हमालांना म्हणाला, पोती उतरवा.

"उतरवा?" मुकादम कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आत्ताच तर चढवली. कुठाय ढग? आभाळ बघा की साब, काचेसारखं आहे."

रिझवाननं हातानं पुन्हा उतरवण्याची खूण केली.

"पाठ आमची मोडते," मुकादम म्हणाला, आणि विमानात शिरला.

भट्टचन सावलीत उभे होते. मनकला त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. पोती एकेक करून खाली येत होती. सव्वादहा वाजले होते. वारा उठायला अजून वेळ होता.